हरत्या पटाची नीती : बहुपक्षी राज्यविजयी खेळांतील दुर्बलाचे डावपेच

पटावरील खेळांविषयी जे लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग जिंकणाऱ्याच्या बाजूने झालेला आहे. डाव कसा मांडावा, आघाडी कशी घ्यावी, घेतलेली आघाडी कशी टिकवावी, यांचे विवेचन विपुल आढळते; डाव हातचा जाऊ लागल्यावर काय करावे, याविषयी मात्र दोन-चार उपदेशपर वाक्यांपलीकडे सहसा काही सांगितले जात नाही. वस्तुतः तीन किंवा अधिक खेळाडू जेथे एकाच भूमीसाठी झगडतात, तेथे जिंकणारा एक आणि हरणारे अनेक असतात. हरत्या स्थितीचा अनुभव हाच अशा खेळाचा सर्वसाधारण अनुभव होय, आणि जिंकण्याचा अनुभव हा त्यातील अपवाद. असे असता दुर्बलाच्या बाजूने या खेळांचा विचार होणे अगत्याचे ठरते. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांस या विचारात विशेष रस वाटण्याजोगे आणखी एक कारण आहे : हा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी आणि फार नेमकेपणाने मांडला गेलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या परंपरेच्या प्रकाशात आधुनिक राज्यविजयी पटखेळांतील हरत्या स्थितीचे स्वरूप उलगडण्याचा प्रयत्न आहे.

बेंगळूरच्या जुन्या पेठेच्या आग्नेयेस, विस्तीर्ण तळ्याच्या काठी वसलेले बेळ्ळंदूर हे एके काळचे खेडे. संगणक-उद्योगाच्या विस्तारानंतर तेथे उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत मराठी, कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली आणि हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. अशा वसाहतींतून सुटीच्या दिवशी जे पट मांडले जातात त्यांत 'रिस्क'सारखे जगाच्या नकाशावर खेळावयाचे खेळही असतात. चार-सहा माणसे, एक नकाशा, रंगीत सैन्ये आणि फासे, एवढ्या सामग्रीवर तीन-चार तास जातात. या बैठकींत एक प्रसंग हटकून येतो. एखाद्याचे राज्य दोन-तीन प्रदेशांपुरते आक्रसते, त्याचा रस संपतो, आणि तो एकतर सूडाने कोणावर तरी तुटून पडतो अथवा पट सोडून चहा करावयास उठतो. दोन्ही वेळा डावाचा निकाल त्याच्याच कृतीने ठरतो, आणि बहुधा उरलेल्यांपैकी कोणासच तो न्याय्य वाटत नाही. हरणाऱ्याने काय करावे हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही, तो सर्व पटाचा होतो, हे यावरून दिसून येईल.

१. द्विपक्षी आणि बहुपक्षी पट

दोघांच्या बुद्धिबळात एकाचे नुकसान म्हणजे दुसऱ्याचा तितकाच लाभ. तेथे दुर्बलाचा मित्र कोणी नसतो. असलाच तर खेळाचा नियम हाच त्याचा मित्र. जुन्या देशी बुद्धिबळात एका पक्षाची सर्व मोहरी मारली जाऊन राजा एकटाच उरला, तर डाव 'बुर्जी' होऊन बरोबरीत सुटत असे. या एका नियमामुळे प्रबळ खेळाडूस शेवटचे मोहरे मारताना विचार करावा लागे. दुर्बलाचे उरलेसुरले एक प्यादे मारणे म्हणजे आपलाच विजय गमावणे, अशी ही विलक्षण स्थिती होती. ज्याच्यापाशी काही उरले नाही त्याच्या 'काही न उरण्या'सच नियमाने मोल दिले होते.

तीन किंवा अधिक पक्ष पटावर आले की परिस्थिती मुळापासून पालटते. येथे एकाचे नुकसान दुसऱ्याचा लाभ असेलच असे नाही. पुष्कळदा दोघे झुंजतात आणि तिसरा फावतो. म्हणून बहुपक्षी पटावर बळ ही एकेरी राशी उरत नाही. स्वतःच्या सैन्याची संख्या हा बळाचा एक भाग, आणि आपल्याविषयी इतरांना काय वाटते हा त्याचा दुसरा भाग. पहिला भाग गमावलेल्या खेळाडूपाशी दुसरा पुष्कळदा शिल्लक असतो. किंबहुना पहिला कमी झाल्यामुळेच दुसरा वाढतो, कारण दुर्बलाची भीती कोणास वाटत नाही.

बहुपक्षी पट आपल्याकडे नवा नाही. अल्बेरूनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानविषयी लिहिलेल्या ग्रंथात चार जणांनी फाशांच्या साहाय्याने खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. बंगालच्या रघुनंदनाच्या 'तिथितत्त्वा'त व्यास-युधिष्ठिर संवादाच्या रूपाने याच चतुरंगाचे नियम आले आहेत. या खेळात चार राजे चार दिशांना बसतात. फासा कोणते मोहरे चालवावयाचे ते ठरवितो. दुसऱ्या राजाच्या स्थानावर आपला राजा नेऊन बसविणे यास 'सिंहासन', तर तिन्ही इतर राजांवर वर्चस्व मिळविणे यास 'चतुराजी' अशी नावे आहेत. विजयाच्या पायऱ्यांना जशी नावे आहेत, तशी ती दुर्बलाच्या स्थितीलाही आहेत. राजाखेरीज नौका आणि एक प्यादे एवढेच उरलेल्या खेळाडूचे ते प्यादे 'गाढ' म्हणविते आणि त्याच्या बढतीवरील निर्बंध सैल होतात. हरत्या स्थितीला स्वतंत्र नाव देणे म्हणजे तिचे अस्तित्व मान्य करणे होय. 'हरणे' हा एक क्षण नसून ती एक दीर्घ अवस्था आहे, आणि त्या अवस्थेचे स्वतःचे नियम आहेत, हे या खेळाच्या कर्त्यांनी ओळखले होते.

२. आबलीयस : दुर्बलाचे शास्त्र

या अवस्थेचे सर्वांत पद्धतशीर विवेचन मात्र खेळाच्या ग्रंथात नाही. ते कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात रुद्रपट्टण शामशास्त्री यांच्या हाती या ग्रंथाची पोथी आली आणि १९०९ साली तो त्यांनी छापून प्रसिद्ध केला. पुढे मुंबई विद्यापीठातर्फे रा. प. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती, इंग्रजी भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड सिद्ध केले. ग्रंथाच्या सहाव्या अधिकरणात बारा राजांच्या मंडलाची कल्पना आहे : विजिगीषू, त्याचा अरी, मित्र, अरिमित्र, पाठीमागचा पार्ष्णिग्राह, त्यावर डोळा ठेवणारा आक्रंद, आणि या सर्वांशिवाय मध्यम व उदासीन. शेजारी तो अरी आणि शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हे त्यातील सूत्र कोणत्याही राज्यविजयी पटावर दहा मिनिटांत प्रत्ययास येते.

या ग्रंथाचे बारावे अधिकरण संपूर्णपणे दुर्बल राजासाठी राखून ठेवलेले आहे. त्याचे नाव 'आबलीयस'. प्रबळ राजा चालून आला असता दुर्बलाने काय करावे, असा प्रश्न तेथे प्रारंभीच उपस्थित केला असून कौटिल्याने दोन पूर्वाचार्यांची मते नोंदविली आहेत. भारद्वाजाच्या मते दुर्बलाने सर्वत्र नमावे, वेताप्रमाणे लवावे. विशालाक्षाच्या मते सर्व बळ एकवटून झुंजावे, कारण पराक्रम हाच क्षत्रियाचा धर्म. कौटिल्य ही दोन्ही मते नाकारतो. सर्वत्र नमणारा जगण्याची आशाच गमावून बसतो. थोड्या बळावर झुंजणारा नावेवाचून समुद्रात उतरणाऱ्याप्रमाणे बुडतो. तस्मात् त्याच्याहून अधिक बलवान अशा दुसऱ्या राजाचा आश्रय करावा, अथवा शत्रूस अजिंक्य अशा दुर्गाचा.

यानंतरचा भाग अधिक मोलाचा आहे. चालून येणारे तीन प्रकारचे असतात, असे कौटिल्य सांगतो. धर्मविजयी शरणागतीने तृप्त होतो. लोभविजयीस भूमी आणि द्रव्य हवे असते, म्हणून त्यास द्रव्य देऊन वळवावे. असुरविजयी भूमी, द्रव्य, पुत्र, स्त्रिया आणि प्राण यांपैकी काहीच सोडीत नाही. त्यास भूमी व द्रव्य देऊन स्वतः त्याच्या आवाक्याबाहेर राहावे आणि मग प्रतिकार करावा. दुर्बलाचा पहिला डाव हा सैन्याचा नसून निदानाचा आहे, हे येथे स्पष्ट होते. समोरच्यास नेमके काय हवे आहे हे ओळखल्यावाचून काय द्यावे आणि काय राखावे हे ठरविता येत नाही.

सातव्या अधिकरणात दोन बलाढ्यांच्या मध्ये सापडलेल्या राजाचा विचार आला आहे. त्याने रक्षण करण्यास जो समर्थ त्याचा आश्रय घ्यावा. किंवा 'कपालसंश्रय' करावा, म्हणजे दोघांशीही संधान बांधून, एक दुसऱ्याचे मूळ उपटू पाहात आहे असे प्रत्येकास भासवावे. दोन मोठ्या सैन्यांच्या मध्ये एखादे लहान राज्य दीर्घकाळ टिकून राहिलेले पटावर दिसते, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा हीच नीती असते. ते राज्य कोणास नको असते असे नाही. ते दुसऱ्याच्या हाती जाऊ नये एवढेच दोघांस हवे असते.

३. 'रिस्क'चे गणित

या सूत्रांची प्रचीती 'रिस्क'मध्ये कशी येते ते पाहावे. फ्रेंच चित्रपटदिग्दर्शक आल्बेर लामोरिस याने तयार केलेला हा खेळ १९५७ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नकाशावर सहा खंड आणि ४२ प्रदेश आहेत. प्रत्येक पाळीच्या प्रारंभी खेळाडूस नवे सैन्य मिळते : प्रदेशांच्या संख्येस तीनने भागून येईल तितके, परंतु तीनपेक्षा कमी कधीच नाही. संपूर्ण खंड हाती असल्यास त्याचे सैन्य वेगळे.

या 'तीनपेक्षा कमी नाही' या नियमाचा अर्थ हरणारा खेळाडू क्वचितच ध्यानात घेतो. अकरा प्रदेश असलेल्यासही तीनच सैन्ये मिळतात आणि एकच प्रदेश उरलेल्यासही तीनच. म्हणजे अकरापासून खाली घसरत असता प्रदेश गमावल्याने उत्पन्न घटत नाही. विखुरलेल्या प्रदेशांचे रक्षण करण्यात सैन्य मात्र नाहक खर्ची पडते. नकाशावरील दूरदूरच्या नऊ प्रदेशांत एक-एक सैन्य ठेवून झगडत राहणे हा दुर्बलाचा सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग प्रमाद होय. त्याने विखुरलेली ठाणी जाऊ द्यावीत आणि सर्व नवे सैन्य एकाच बळकट कोपऱ्यात साठवावे. ऑस्ट्रेलियाच्या खंडात शिरण्यास एकच वाट आहे. तसा कोपरा हाती असणे म्हणजे अर्थशास्त्रातील दुर्ग हाती असणे.

फाशांचे गणितही येथे उपकारक ठरते. हल्ला करणाऱ्याने तीन आणि बचाव करणाऱ्याने दोन फासे टाकले असता, बचाव करणाऱ्याची दोन्ही सैन्ये जाण्याचा संभव सुमारे ३७.२ टक्के, हल्ला करणाऱ्याची दोन्ही जाण्याचा सुमारे २९.३ टक्के, आणि दोघांचे एक-एक जाण्याचा सुमारे ३३.६ टक्के असतो. मोठ्या सैन्यांच्या झुंजीत हल्ला करणारा किंचित सरस ठरतो. पण विजयासाठी त्यास बहुतेक तितकीच किंमत मोजावी लागते. याचा दुर्बलाने घ्यावयाचा बोध असा की, त्याचा साठा मोठा असण्याची गरज नाही. तो गिळण्यास महाग असला म्हणजे पुरे. ज्यास त्याला संपवावयाचे आहे तो संपविल्यानंतर तिसऱ्यापुढे उघडा पडत असेल, तर शहाणा खेळाडू त्या वाटेस जात नाही.

या नियमास एक उपनियम आहे. प्रदेश जिंकणाऱ्यास पत्ते मिळतात. त्यांचा संच मोडून अधिक सैन्य घेता येते. आणि जो एखाद्या खेळाडूचा शेवटचा प्रदेश घेतो त्यास त्या खेळाडूचे सर्व पत्ते मिळतात. दुर्बलाच्या हाती साचलेले पत्ते म्हणूनच त्याचा काळ ठरतात. धनवान आणि असंरक्षित असणे याहून वाईट स्थिती पटावर नाही. लोभविजयीस द्यावयाचे द्रव्य दुर्बलाने आपल्यापाशी साचवून ठेवू नये. संच जुळताच तो मोडून सैन्यात घालावा. लुटण्याजोगे काही न उरणे हेही एक कवच आहे.

४. तिघांची झुंज

दुर्बलाचे बळ इतरांच्या परस्परभीतीत असते, ही गोष्ट गणिताने अधिक नेमकी दाखविता येते. तीन नेमबाज पाळीपाळीने एकमेकांवर गोळी झाडतात, अशी कल्पना करावी. पहिला दुर्बल : त्याचा नेम तिनांतून एकदा लागतो. दुसरा मध्यम : त्याचा नेम तिनांतून दोनदा. तिसरा प्रबळ : त्याचा नेम कधी चुकत नाही. पहिली पाळी दुर्बलाची. त्याने कोणावर झाडावी?

त्याने मध्यमास टिपले तर प्रबळ त्याला निश्चित मारील. त्याने प्रबळास टिपले तर मध्यमाच्या पाळीस तो एकटाच समोर उभा राहील. म्हणून त्याचे हित हवेत गोळी झाडण्यात आहे. मग मध्यमास प्रबळावर झाडणे भाग पडते, कारण तोच त्यास सर्वांत अधिक धोक्याचा. आणि प्रबळ वाचला तर तोही त्याच कारणाने मध्यमावर झाडतो. दोघांपैकी एक पडल्यावर पुढची पाळी पुन्हा दुर्बलाची येते. हिशेब केला असता दुर्बल शेवटी जिवंत राहण्याचा संभव २५/६३, मध्यमाचा २४/६३ आणि प्रबळाचा अवघा १४/६३ येतो. ज्याचा नेम कधी चुकत नाही तोच सर्वांत आधी जाण्याची शक्यता अधिक, आणि ज्याचा नेम सर्वांत कच्चा तो टिकण्याची.

कौटिल्याच्या षाड्गुण्यात याच डावास 'आसन' म्हटले आहे : काही न करता स्वस्थ बसणे. परंतु हे आसन म्हणजे आळस नव्हे. ते कधी मोडावयाचे हेही ठरलेले असावे लागते. दोघांपैकी एक पडला की दुर्बलाने पहिली गोळी नेम धरून झाडली पाहिजे; त्या क्षणीही जो हवेत झाडीत राहतो तो हरतो. पटावर स्वस्थ बसून टिकलेले अनेक खेळाडू शेवटी याच कारणाने पडतात. इतरांची झुंज संपली हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

५. इतिहासाचा पट

मराठी वाचकास या नीतीची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहान्वये शिवाजीमहाराजांनी २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस दिला. १२ किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख स्वतःकडे राखला. दुहेरी पटाच्या दृष्टीने पाहिले तर ही केवळ हानी होय. परंतु पट दुहेरी नव्हता. विजापूर, गोवळकोंडा, पोर्तुगीज, सिद्दी असे अनेक पक्ष त्यावर होते. तह होताच मिर्झाराजे जयसिंहाचे सैन्य विजापूरकडे वळले आणि ती मोहीम १६६६ मध्ये फसली. प्रबळाचे बळ तिसऱ्यावर खर्ची पडले. १६७० मध्ये सिंहगडापासून दिलेले किल्ले परत घेण्यास प्रारंभ झाला, आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. जे राखले ते एकसंध आणि दुर्गम होते, जे दिले ते परत घेता येण्याजोगे होते, आणि दिल्यामुळे वेळ मिळाला. हरत्या पटावरील त्यागाची ही तीन लक्षणे म्हणता येतील.

दुसरे उदाहरण जिंजीचे. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज महाराष्ट्र सोडून दक्षिणेस गेले. वाटेत केळदीच्या चेन्नम्मा राणीने त्यांस आश्रय दिला. कौटिल्याने सांगितलेले दोन्ही उपाय, दुसऱ्या राजाचा आश्रय आणि अजिंक्य दुर्ग, एकाच प्रवासात एकवटलेले येथे दिसतात. जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. तेवढी वर्षे मोगली सैन्याचा एक मोठा भाग तेथे अडकून पडला. इकडे रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांस महाराष्ट्रात हालचालीस अवकाश मिळाला. याच रामचंद्रपंतांच्या नावे इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांविषयीचे जे विस्तृत प्रकरण आहे, ते अशा अनुभवातून आलेले आहे हे विसरता येत नाही.

तिसरे उदाहरण प्रत्यक्ष बेळ्ळंदूरच्या भूमीचे आहे, आणि ते फसलेल्या डावाचे आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बेंगळूर घेतले आणि तो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. पुढे तो व्यंकोजीराजांकडे गेला. १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेऊन तेथे राज्य स्थापिले. तेव्हापासून बेंगळूर हे दूरचे, राखण्यास कठीण असे ठाणे झाले. म्हैसूरचा चिक्कदेवराज वाढत होता, मोगल दक्षिणेस सरकत होते. ठाणे राखता येत नाही तर त्याचे मोल करून घ्यावे, या विचाराने व्यंकोजींनी तीन लक्ष रुपयांस ते चिक्कदेवराजास देण्याची बोलणी चालविली. विचार बरोबर होता, वेळ चुकली. बोलणी पुरी होण्यापूर्वीच जुलै १६८७ मध्ये मोगल सेनानी कासिमखान याने बेंगळूर घेतले, आणि मग तेच ठाणे तितक्याच रकमेस म्हैसूरकडे गेले. रक्कम तीच, घेणारा तोच. विकणारा मात्र बदलला. हरत्या पटावरील ठाण्याचे मोल ते आपल्या हाती आहे तोवरच असते. ते जाणार हे सर्वांस दिसू लागले की ते विकत घेण्याऐवजी हिसकावून घेणेच इतरांस सोयीचे होते. त्याग करावयाचा तर तो सक्तीचा होण्यापूर्वी करावा, एवढा बोध या एका व्यवहारात सामावलेला आहे.

इतिहास आणि खेळ यांचे साम्य येथवरच ताणावे. पटावर मेलेले सैन्य पुढच्या डावात पुन्हा उभे राहते. वेढ्यात मेलेली माणसे उभी राहत नाहीत. शिवाय इतिहासातील नेत्यांना नियमांची पोथी उपलब्ध नव्हती. साम्य आहे ते निर्णयाच्या स्वरूपात : मर्यादित साधने, अनेक प्रतिस्पर्धी, आणि त्यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असलेले आपले अस्तित्व.

६. राजा ठरविण्याचा अधिकार

हरत्या स्थितीचा सर्वांत नाजूक भाग शेवटी येतो. जिंकण्याची आशा संपलेल्या खेळाडूपाशीही एक सामर्थ्य उरते : दोघांपैकी कोण जिंकणार हे तो ठरवू शकतो. हे सामर्थ्य कसे वापरावे?

अमेरिकेतील ॲलन कॅलहॅमर याने १९५४ मध्ये रचलेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डिप्लोमसी' या खेळात हा प्रश्न केंद्रस्थानी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता, ३४ पुरवठा-केंद्रे, फाशांचा पूर्ण अभाव, आणि प्रत्येक पाळीपूर्वी मोकळी वाटाघाट, असे त्याचे स्वरूप आहे. १८ केंद्रे मिळविणारा जिंकतो. कोणीच ती मिळवू शकत नसेल आणि सर्वांनी बरोबरी मान्य केली, तर पटावर टिकून असलेले सर्व जण ती सारखीच वाटून घेतात. एका केंद्राच्या धन्याचाही वाटा सोळा केंद्रांच्या धन्याइतकाच. या नियमाने दुर्बलाच्या हाती मोठे शस्त्र दिले आहे. आघाडीवरच्यास अठरावे केंद्र मिळू न देणारी तटबंदी उभारताना त्याच्या एका सैन्याची जागा मोक्याची ठरली, तर इतरांना त्याचे रक्षण करणे भाग पडते. म्हणून या खेळात शहाणा दुर्बल आपली शेवटची सैन्ये आपल्या मूळ भूमीत ठेवण्याचा हट्ट धरीत नाही. जेथे ती दुसऱ्यास अपरिहार्य होतील तेथे नेतो.

या शस्त्राचे तीन उपयोग संभवतात. पहिला सूडाचा : ज्याने आपल्यास बुडविले त्यास बुडवावे, मग कोणीही जिंको. दुसरा कृपेचा : जो आवडता त्यास जिंकवावे. तिसरा धाकाचा : मला संपविलेस तर मी माझे उरलेले बळ तुझ्या प्रतिस्पर्ध्यास देईन, असे आधीच सांगून ठेवावे आणि तसे करण्याची वेळच येऊ देऊ नये. पहिले दोन डावाच्या अखेरीस घडतात आणि खेळाडूस काहीच मिळवून देत नाहीत. तिसरा डाव चालू असता घडतो आणि टिकून राहण्याचे साधन होतो. एकाच शक्तीचे हे तीन उपयोग असले तरी त्यांत नीतीचा भेद आहे. सूड मागे पाहतो. धाक पुढे पाहतो. मात्र धाक खरा वाटण्यासाठी शब्द पाळण्याची ख्याती हवी, आणि ती एका डावात मिळत नाही.

येथे बेळ्ळंदूरच्या बैठकींचा संदर्भ पुन्हा उपयोगी पडतो. जेथे तीच माणसे पुढच्या आठवड्यात पुन्हा एकत्र बसणार असतात, तेथे प्रत्येक डाव हा एका लांब डावाची केवळ एक पाळी असतो. सूडाने खेळणाऱ्याशी पुढे कोणी करार करीत नाही. पट अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या धाकास कोणी भीत नाही, कारण तो शेवटपर्यंत बसेल याचीच खात्री नसते. मराठीत यास 'रडीचा डाव' म्हणतात, आणि या शब्दातील तिरस्कार अकारण नाही : रडणारा स्वतःपुरता हरतोच, शिवाय इतरांच्या डावाचा अर्थही काढून घेतो. उलट, दोन प्रदेश उरले असतानाही जो शांतपणे हिशेब करतो, दिलेला शब्द पाळतो आणि आघाडीवरच्यास शेवटचे घर फुकट मिळू देत नाही, त्याच्याशी मैत्री करण्यास पुढच्या डावात सर्वच उत्सुक असतात. दुर्बलाने जपावयाची शेवटची ठेव ही भूमी नसून पत होय, असे म्हणावे लागते.

सभापर्वातील द्यूत याच्या नेमके उलट उदाहरण आहे. युधिष्ठिर प्रत्येक हारीनंतर पण वाढवीत जातो. हरण्याची अवस्था तो ओळखत नाही, ती एका फाशाने पुसून टाकू पाहतो. विदुराचा इशारा होता तो फाशांच्या गुणदोषांविषयी नव्हे, थांबण्याविषयी होता. आबलीयसातील दुर्बल राजा आणि द्यूतसभेतील युधिष्ठिर हे भारतीय वाङ्मयातील हरत्या स्थितीचे दोन ध्रुव आहेत : एक काय राखता येईल ते मोजतो, दुसरा काय परत मिळेल याची स्वप्ने पाहतो.

या विवेचनावरून हरत्या पटाच्या नीतीची सूत्रे अशी मांडता येतील. समोरच्यास काय हवे ते आधी ओळखावे. विखुरलेले सोडावे, एकसंध राखावे. सोडावयाचे ते मोल आहे तोवर सोडावे. लुटण्याजोगे साचवू नये, गिळण्यास महाग व्हावे. इतरांची झुंज चालू असता स्वस्थ बसावे, आणि ती संपताच उठावे. उरलेले बळ सूडासाठी न वापरता धाकासाठी वापरावे, आणि त्या धाकास शब्दाचे तारण असावे. ही सूत्रे पाळूनही बहुतेक डाव हरले जातील, कारण दुर्बल हा अखेर दुर्बलच असतो. परंतु हरण्याची अवस्था केवळ वाट पाहण्याची नसून काही घडविण्याचीही असते, याची साक्ष मराठी गद्याच्या इतिहासातच आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्राची बखर रचली ती रायगडाच्या वैभवाच्या काळात नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजधानी शत्रूच्या हाती गेलेली आणि राजा परमुलखात असताना, ती राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिली गेली.